वलगावात थांबलेली मोटार

हिवरखेड,
२१ नोव्हेंबर १९३६

तीर्थरूप बापूसाहेबांले सूर्यभानचा दंडवत.

मी जसा बोलतो तसाच लिवतो. शायेत मास्तरानं लय मारलं तरी हात सुधरला नाई, तं वकिलाच्या घरी असं पत्र आलं म्हनून हासू नका.

उनायात तुमच्यापासून मोटार घेतली. पावसायाभर ते आमच्या कापसाच्या कोठ्यात उभी होती. गाडी जुनी हाय, पन तुमी लेकीवानी जपली होती, म्हनून मीबी तिच्यावर ताडपत्री टाकली, उंदीर नाई शिरू देल्ले. दिवाई झाल्यावर भाईर काहाडली. हँडल मारलं तं चालू झाली. चार दिवस चांगली पयाली. मंग सेल्फ दाबला तं नुसतं ‘टक’ वाजे. दिवे लावले तं आधी पिवये, मंग लाल, मंग इझनाऱ्या निखाऱ्यावानी. तेल्हाऱ्याहून येतानी अंधारात वावराच्या धुऱ्यावर चढलो असतो.

बॅटरी घेऊन अकोल्याले गेलो. तठीसा एक दुकानदार हाय, त्यानं भरून देल्ली. दोन दिवस बरी चालली, मंग पुन्हा तेच. त्यानं म्हतलं, “पाटील, डायनामो मेला. मुंबईहून नवा बलवा.” डायनामो मरते कसा, हे मले समजलं नाई. तुमी या गाडीचं बॉनेट उघडून अख्खा ऐतवार काहाडत होते असं तुमचा नत्थुजी डायवर सांगे, म्हनून तुमालेच इचारतो.

पौष लागाच्या आत मले गाडी पक्की पाह्यजे. एक काम हाय.

तुमचा,
सूर्यभान

*

अंबापेठ, अमरावती
२५ नोव्हेंबर १९३६

प्रिय सूर्यभानजी,

तुमचे पत्र दोनदा वाचून घेतले. हसलो, पण भाषेला नव्हे. ‘इझनाऱ्या निखाऱ्यावानी’ हे वाचल्यावर आनंदाने हसलो. दिव्यांचा तो रंग अगदी डोळ्यांसमोर आला.

मुंबईहून काहीही मागवू नका. बॅटरी म्हणजे तुमच्या मळ्यातले टाके समजा आणि डायनामो म्हणजे मोट. इंजिन फिरते तोवर मोट टाक्यात पाणी ओतते. दिवे आणि सेल्फ ते पाणी पितात. टाके रिकामे होते एवढ्यावरून मोटच फाटली असे कसे म्हणावे? दोर निसटला असेल, चाक अडकले असेल. आधी पाहावे, मग मयत म्हणावे.

इंजिन बंद ठेवून दिवे लावा. समोरच्या चकतीतली सुई डावीकडे झुकली पाहिजे. म्हणजे टाक्यातून पाणी जात आहे. मग दिवे बंद करून इंजिन चालू करा आणि जरा जोरात फिरवा. आता सुई उजवीकडे गेली पाहिजे. मध्येच मख्ख उभी राहिली, तर मोट काही आणत नाही. तसे असेल तर बॅटरीची तार काढून ठेवा आणि डायनामोच्या मागच्या टोकाचा पत्र्याचा पट्टा सोडवा. आत तांब्याचा एक गोल दिसेल आणि त्यावर टेकलेले, पेन्सिलीच्या शिशासारखे काळे तुकडे. त्यांना ब्रश म्हणतात. ते बोटाने उचलले की उचलले गेले पाहिजेत आणि सोडले की परत टेकले पाहिजेत.

जे जे दिसेल ते लिहा. तांबे कोणत्या रंगाचे आहे, वास कसला येतो, सुई थरथरते की स्थिर राहते. काहीच गाळू नका. आणि दिवे नीट लागले की संध्याकाळी एकदा बाभळींच्या रस्त्याने न्या व तेही लिहा. त्या गाडीच्या उजेडात बाभळीचे काटे चांदीचे दिसत. कित्येकदा मी उगाच, काही काम नसताना, तेवढ्यासाठी जात असे.

पौषाआधीचे ‘काम’ माझ्या ध्यानात आले. निवडणुका तोंडावर आहेत. कोणाच्या प्रचाराला निघालात? मत मागायला जाणाऱ्याची गाडी रस्त्यात बंद पडू नये हे खरेच. आधीच लोकांचा विश्वास कमी.

आपला,
बापूसाहेब

*

हिवरखेड,
५ डिसेंबर १९३६

बापूसाहेब,

तुमी सांगतलं तसंच केलं. दिवे लावले, सुई डावीकडे गेली. इंजीन चालू केलं, सुई मधातच उभी, जशी काई रुसून बसली. मंग पट्टा सोडला.

आत पाहतो तं कापूस! माह्याच कोठ्यातला. सरकीचा बारीक भुगा अन् तेल मिळून त्याचा काया लगदा झालता, अन् एक ब्रश त्याच्यात फसून वरच राह्यलता. तांब्याले टेकतच नोता. तांबं गुयाच्या ढेपीसारखं लाल-कायं दिसे. वास म्हनसान तं जयल्या केसावानी. म्या काडीनं लगदा काहाडला, फडकं पेट्रोलात भिजवून पुसलं, वाऊ देल्लं. ब्रश हालवला तं ‘चट’ करून खाली बसला. चालू केली अन् सुईकडं पाहून राह्यलो. हयूहयू उजवीकडं सरकली बाप्पा! थरथरत होती, कोवया पानावानी. आमचे गडी भोवताल उभे होते, त्याईले काहीच समजलं नाई, पन मले हासतानी पाहून तेबी हासले.

सायंकाई तुमच्यासाठी म्हनून बाभयीच्या रस्त्यानं गेलो. काटे चांदीचे दिसते हे खरं हाय. पन मी दुसरंबी पाह्यलं. दोन्हीकडं कापूस फुटून उभा हाय. गाडीचा उजिड वावरावर पडे, तठीसा कापूस जागा होऊन उठे, अन् गाडी पुढं गेली की पुन्हा निजे. मले वाटे का रस्ता संपूच नये, अन् मी कोन हाय, कोठचा हाय, हे कोनी इचारू नये. घरी आलो तं जेवनाचा टाइम टयून गेलता.

आता खरं सांगतो. निवडनुकीचं काई नाई. माही बायको कौशल्या वलगावले माहेरी हाय. बायंतपनाले गेली होती, त्याले दीड वरीस झालं. पोरगी झाली अन् तिसऱ्या दिवशी गेली. तार आली तवा पूर्णेले पूर होता, नाव सुटत नोती. मी पोचलो तवा सगयं झालं होतं. मी पोरीले पाह्यलंच नाई. कौशल्या तवापासून आली नाई. दोन खेपा मानसं पाठवले, बैलाची रेंगी पाठवली. तशीच खाली परत आली. मी सोता गेलो तं ते आतल्या खोलीतून भाईरच आली नाई.

माही आत्या पार्बताबाई म्हनते, माघात दुसरं लगन लावू, पोरगी पाहून ठेवली हाय. आत्यानंच मले लहान्याचं मोठं केलं, तिच्या तोंडावर बोलता येत नाई. पन मले दुसरी नाई पाह्यजे. मोटार घ्यायचं कारन इचारसान तं हेच. रेंगीले सगये पाहते, वाटंत मुक्काम कराव लागते, गावोगावचे सोयरे इचारते. मोटारीत बसली का कोनाले जबाब द्याचं काम नाई.

पुढच्या आठोड्यात निघतो.

सूर्यभान

*

अंबापेठ, अमरावती
१० डिसेंबर १९३६

प्रिय सूर्यभानजी,

निवडणुकीची थट्टा मागे घेतो.

सल्ला विचारलेला नाही, तरी वकिलाची खोड म्हणून देतो. दारात उभे राहून भोंगा वाजवू नका. ‘चल’ असे पहिल्याच वाक्यात म्हणू नका. मोटार रस्त्यावर लावा आणि पाहुण्यासारखे आत जा.

गाडीचे तुम्ही उत्तम केलेत. पोचताच कळवा, वलगाव आमच्यापासून अगदी जवळ, तिकडच्या बैलबंड्या रोज बाजारात येतात.

आपला,
बापूसाहेब

सूर्यभानभाऊजी, मी अनुपमा, बापूसाहेबांची सून. ही पत्रे मी लिहिते, ते सांगतात. खालच्या ओळी त्यांना वाचून दाखवणार नाही. मामंजींची दृष्टी गेल्या वर्षी उतरत गेली. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. आता खिडकीचा उजेड तेवढा कळतो. गाडी त्यांनी याच कारणाने विकली, पण लोकांना मात्र ‘कंटाळा आला’ असे सांगतात. तुमचे कापसाचे पत्र त्यांनी माझ्याकडून तीनदा वाचून घेतले. रात्री जेवताना म्हणाले, “आज फिरून आलो.” तुम्हाला जमेल तेव्हा असेच लिहीत जा, एवढेच सांगायचे होते.

*

वलगाव,
१७ डिसेंबर १९३६

बापूसाहेब,

हे पत्र घेऊन सासऱ्याचा गडी येऊन राह्यला. बंडीत बॅटरी हाय. तेवढी कोठी भरून भेटन तं पाहा. गाडी बंद पडली.

काल दुपारी पोचलो. भोंगा वाजवला नाई. सासरे खुशालराव ओसरीत बसले होते, “या” म्हने, तेवढंच. कौशल्यानं पानी आनून ठेवलं. मान खाली. ‘चल’ म्या म्हतलं नाई. म्या म्हतलं, “कापूस चांगला हाय यंदा.” ते आत गेली.

दिवेलागनीले मी गाडीकडं गेलो, काचा पुसाले. मांगून पाय वाजले. कौशल्या होती. गाडीच्या भोवताल फिरली, जशी म्हैस पाहाले आली. मले म्हने, “उघडता येते का हे?” म्या बॉनेट उघडलं. तिनं इंजिनाले हात लावला.

“थंड हाय,” म्हने.

“दुपारपासून बंद हाय ना.”

मंग तिनं बाजूच्या डायनामोवर हात ठेवला, अन् काहाडलाच नाई.

“हे काहून गरम हाय?”

म्या हात लावला. खरंच कोमट होतं, दुधावानी. मले समजलं नाई. म्या म्हतलं, “उन्हानं असन.” ते म्हने, “ऊन जाऊन किती टाइम झाला.” अन् तशीच हात ठेवून उभी राह्यली. मंग हयूच बोलली, “तिचं अंगबी असंच कोमट होतं. लय टाइम होतं. म्हनून मी कोनाले नेऊ देत नोती.”

दीड वर्सात ते पयल्यांदा बोलली माह्यासंगं. तिच्या हाताजवय मीबी हात ठेवून उभा राह्यलो. वरतं चांदन्या निघून राह्यल्या होत्या. रस्त्यानं ढोरं गेले, त्याईची धूय आमच्या अंगावर बसली. आतून सासूनं हाक मारली तवा गेली.

सकायी सेल्फ दाबला, मेला. हँडल मारून मारून खांदा गेला, फटका देत नाई. सायानं म्हतलं, “भाऊजी, बैल जुपू का मोटारले?” सगये हासले. कौशल्याबी हासली. पदर तोंडाले लावला होता, पन हासली.

डायनामो आता मेला का? लवकर सांगा.

अनुपमाताईले सांगा, पत्र पोचलं.

सूर्यभान

*

अंबापेठ, अमरावती
१८ डिसेंबर १९३६

प्रिय सूर्यभानजी,

डायनामो मेलेला नाही. कौशल्याबाईंनी जिथे हात ठेवला तिथेच उत्तर होते. बंद गाडीत इंजिन गार आणि डायनामो कोमट, याचा एकच अर्थ: टाक्यातले पाणी रात्रभर मोटेत उलटे जात आहे. ही गोष्ट मला इथे बसून सुचली नसती. गाडी बंद केल्यावर सुईकडे पाहा असे मीच सांगायला हवे होते. ती डावीकडे कलंडलेली दिसली असती.

डायनामोच्या माथ्यावर काडेपेटीएवढी एक डबी आहे. तिला कटआउट म्हणतात. आत एक छोटी झडप असते. डायनामो वीज देऊ लागला की मिटते, तो थांबला की उघडते, म्हणजे बॅटरीची वीज मागे जात नाही. तुमच्या झडपेची दोन टोके जळून एकमेकांना चिकटली आहेत. बॅटरी जोडण्याच्या आधीच डबी उघडा. नखाने टोके सुटी करा, मधून अगदी बारीक कानस हलकेच फिरवा, राख फुंकून टाका. झडप बोटाने दाबून सोडा. ती आपण होऊन वर आली पाहिजे. मग बॅटरी जोडा, गाडी चालू करा, सुई उजवीकडे जाऊ द्या आणि बंद करा. ‘टिक’ असा बारीकसा आवाज येईल आणि सुई मधोमध येईल. तो आवाज आला की गाडी तुमची.

बॅटरी भरून परत पाठवली आहे. कानस तिच्याबरोबर आहे. नत्थुजी म्हणत होता, “मी बंडीत बसून जातो, तासाभरात करून येतो.” मी त्याला मुद्दाम पाठवलेला नाही. घाई कशाची आहे? दोन दिवस लागले तर लागू द्या.

अनुपमेने तुम्हाला काय लिहिले ते तिने काल कबूल केले. रागावलो नाही. उलट बरे वाटले. आता ‘वाचून घेतले’ असे शब्द जपून वापरायला नकोत. काल तुमच्या पत्रातली ढोरांची धूळ मला नाकात जाणवली. शिंकलोसुद्धा.

आपला,
बापूसाहेब

*

हिवरखेड,
२ जानेवारी १९३७

बापूसाहेब,

पत्राले उशीर झाला. पन आता सगयं सांगतो, तुमी टेकून बसा अन् अनुपमाताईले म्हना, हयूहयू वाच.

डबी कौशल्यानं उघडली. माहे बोटं जाडे. चिकटलेले टोकं तिनं नखानं सोडवले अन् म्हने, “एवढुसंच?” बॅटरी जोडली, गाडी चालू केली, मंग बंद केली. आमी दोघं कान लावून बसलो. ‘टिक’ झालं. तिनं माह्याकडं पाह्यलं. म्या दहा खेपा गाडी चालू-बंद केली, नुसतं तेवढं ऐकाले.

तवाबी म्या ‘चल’ म्हतलं नाई. तीच बोलली. म्हने, “येतो. पन घरी नाई. आधी कोठी तरी न्या, जठी मले कोनी वयखत नाई. घरी गेली का सगया बाया पाहाले येतीन, अन् कोनी पोरीचं नाव काहाडनार नाई. जशी काई झालीच नाई. इथंबी तसंच हाय. माही माय तं पोरगी जठी झाली त्या खोलीचं नावबी घेत नाई.”

म्या तिले चिखलदऱ्याले नेलं.

परतवाड्याहून पुढं घाट लागला. गाडी म्हतारी, पन रडली नाई. सागाचे पानं परातीएवढे, वायलेले, चाकाखाली कागदावानी वाजे. वरतं पोचलो तं थंडी अशी का कौशल्यानं माही घोंगडी घेतली अन् मले तिची चादर देल्ली. सकायी कड्यावर गेलो. बापूसाहेब, खाली दरी नोतीच. पांढरं पांढरं धुकं भरलं होतं काठोकाठ, जसा कापसाचा कोठा आतून भरते. त्याच्यातून दूरचा एक डोंगर वरतं निंघलता, बेटावानी. आवाज कोठूनच नाई. मंग धुकं हयूहयू आमच्यावर चढलं. मले माहे पाय दिसत नोते. गाडी दोन हातावर होती, तीबी गेली. कौशल्या जवयच होती, पन नुसती तिच्या बांगडीची किनकिन ऐकू ये. मले भेव नाई वाटलं. असं वाटलं का आपन अजून जन्मलोच नाई, अन् कोनतीबी गोष्ट नव्यानं होऊ शकते. तुमाले आता दिसत नाई, तं तुमालेबी तसंच वाटत असन का, असं मनात आलं. चुकलं असन तं माफ करा.

धुक्यातून एक बाई आली. डोक्यावर लाकडाची मोयी होती. मैनाबाई नाव सांगतलं, तठच्या कॉफीच्या बागंत कामाले जाते. तिनं गाडी पाह्यली, आमाले पाह्यलं, अन् बाया इचारते तसं कौशल्याले इचारलं, “लेकरं किती बाई?”

हाच सवाल कोनी इचारू नये म्हनून तं आमी एवढ्या दूर आलो.

कौशल्या म्हने, “एक. पोरगी. गिरजा नाव होतं. गेली ते.”

मैनाबाईनं मोयी खाली ठेवली. म्हने, “माहे दोन गेले. मोठ्याचं नाव सुका, लहानीचं फुलय.” मंग दोघी दगडावर बसल्या. काय बोलल्या ते मले समजलं नाई, मी दूर उभा होतो. मले एवढंच समजलं का माह्या पोरीले नाव होतं, अन् म्या ते आज ऐकलं. मी गाडीच्या मांगं जाऊन लय रडलो. धुकं होतं, कोनाले दिसलं नाई.

मैनाबाई गेली तवा ऊन निंघालं होतं. खालचे गावं दिसाले लागले. कौशल्यानं घोंगडीची घडी केली अन् गाडीत जाऊन बसली. म्हने, “चाला, घरी.”

हिवरखेडले पोचलो तवा आत्या दारातच होती. मी घाबरलो, आता काय बोलते. बाया जमल्याच होत्या. कौशल्या उतरली, आत्याच्या पाया पडली, अन् सगयाईच्या देखत म्हने, “आत्याबाई, तुमच्या नातीचं नाव म्या गिरजा ठेवलं होतं. या घरात तिचं नाव घेतलं तं मी राहीन. नाई तं मोटार उभीच हाय.”

आत्याचे डोये भरून आले. आमच्या आत्याचे डोये मी कवाच भरलेले पाह्यले नाई, बापूसाहेब. तिनं कौशल्याले हाताले धरून चुलीजवय नेलं, पाट देल्ला, पान्याचा तांब्या ठेवला. मंग तिच्यासमोर बसून इचारलं:

“कोनासारखी दिसे वं?”

मी उंबऱ्यावर उभा होतो. कौशल्यानं वर पाह्यलं, लय टाइम माह्याकडं पाहून राह्यली. मंग म्हने,

“यायच्यासारखी. अशीच हनुवटी.”

तुमचा,
सूर्यभान